शनिवारची नखं

मी सातवीतच शाळा सोडली. लग्न होऊन उमरखेडकडून इथं कोळसा खाणीच्या राजूरला आले. जिल्हा एकच, पण माहेरी जायचं तर एस.टी.त अख्खा दिवस जातो. इथं ट्रकवाल्यांच्या खानावळीत पोळ्या करते. पहाटे जाते, येते तेव्हा दिवे लागलेले असतात.

मागच्या उन्हाळ्यात पोरीचा घोळणा फुटायला लागला, नाकातून रक्त यायचं. सहा वर्षांची पोर. तिसऱ्यांदा फुटला तेव्हा मी तिचं डोकं मागं धरलं, टाळूवर पाणी ओतलं, कांदा फोडून हुंगवला. आमच्याकडं असंच करतात. तिनं रक्त गिळलं अन् काळी ओकारी केली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "इथली कोळशाची हवा नाही मानवत तिले. तुह्या मायकडे ठेवून दे."

मी तिचे कपडे पिशवीत भरले. खरं सांगते, त्यात माझा थकवाही होता.

"मले कायले धाडतं वं आई?" पोरगी विचारत राह्यली.

निघायच्या आधी एकदा दवाखान्यात नेलं. सिस्टरबाईंनी नाकाआधी तिची बोटं पाह्यली.

"हे नखं हायत का खुरपे? काहून नाही कापत?"

मी खाली मान घालून म्हटलं, "सुट्टी शनिवारची. शनिवारी नखं कापत नाहीत. बाकी दिवशी घरी येतो तं दिवे लागले राह्यते."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उन्हानं, धुळीनं नाक आतून वाळते, खपली धरते. पोट्टी ते उकरते, मंग रक्त येते. बहुतेक लेकरांचं असंच असते." तरी डॉक्टरांनी रक्त तपासलं. काही निघालं नाही. सिस्टरबाईंनी पोरीला बसवून पुढं वाकवलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दाखवला. "घड्याळ पाहून दहा मिनिटं. मधात सोडून पाहाचं नाही. नाही थांबलं तं इकडे ये." मी त्यांचे पायच धरणार होते. त्यांनी धरू दिले नाहीत.

शनिवार आला. ओट्यावर ब्लेड घेऊन बसले. काकू ओरडल्या, "आज? शनिवारी?"

देवाला मनातल्या मनात हात जोडले.

"आता नाही न धाडत मले?" पोरीनं विचारलं.

"बोटं सरळ कर," मी म्हटलं.

मग उठून पिशवीतले कपडे खुंटीला लावले.