सत्कारमूर्ती कुठायत?

माजलगावात आमचं मुला-मुलींचं एक पथक आहे. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर कवायत, दोरीच्या गाठी, प्रथमोपचार आणि वर्षातून दोन शिबिरं. हे सगळं सांभाळणारी मोठी माणसं बिनपगारी. त्यांचे आभार मानायला आम्ही दर जानेवारीत एक कार्यक्रम घेतो. दर वर्षी ठरतं, यंदा साधा आणि सुटसुटीत. दर वर्षी कार्यक्रम संपतो आणि किस्सा उरतो! प्रमाणपत्रं माझ्या झेरॉक्सच्या दुकानात छापली जातात, त्यामुळं चहाला बसलं की लोक मलाच विचारतात, "यंदा काय झालं?"

* * *

पहिला किस्सा माझ्याच चुकीचा.

शेख शकील, म्हणजे आमचे शकीलभाई, मंडपाचं काम करतात. कुठलीही गाठ डोळे मिटून मारतात आणि पोरांना शिकवतात. त्यांचं प्रमाणपत्र मी घाईत टाईप केलं. स्टेजवर सूत्रसंचालक बाईंनी जसं होतं तसं वाचलं, "शोक शकील यांना सादर!"

एक काना जास्तीचा, 'ख'च्या जागी 'क', आणि शेखचा शोक झाला होता. मी खांबामागं सरकलो.

शकीलभाईंनी कागद हातात घेतला, नीट वाचला, खिशातलं पेन काढलं आणि त्यावर अजून एक मात्रा दिली. मग माईकवर म्हणाले, "आता बरोबर हाय. शौक! शौक हाय म्हणून तर येतो दर रविवारी!"

दुसऱ्या दिवशी मी नवीन छापून त्यांच्या घरी घेऊन गेलो. घेतलंच न्हाई. जुनंच फ्रेम करून बैठकीत लावलंय.

* * *

एका वर्षी प्रमुख पाहुणे पुण्याहून येणार होते. मांजरसुंब्याला त्यांची गाडी बंद पडली. आणायला कोण जाणार? आमचे भगवानमामा. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत, शिबिराची गाडी वर्षानुवर्षं तेच चालवतात.

मामा गेले. पाहुणे ढाब्यावर जेवत होते. मामा बाहेर तासभर थांबले. येताना गाडीत पाहुण्यांनी विचारलं, "आज सत्कार कुणाचा आहे?"

"हाय एक ड्रायव्हर," मामा म्हणाले.

हॉलपाशी पाहुणे उतरले आणि थेट स्टेजवर गेले. आधीच उशीर झालेला, म्हणून लगेच पहिलं नाव पुकारलं ते भगवानमामांचं. मामा गाडी लावायला गेलेले. एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं, कुणी येईना. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि माईक ओढून म्हणाले, "सत्कारमूर्तीच लेट? मुलांपुढं आपण वेळेचा काय आदर्श ठेवणार?"

तेवढ्यात मामा रुमालाला हात पुसत दारातून आत आले.

पाहुण्यांनी ओळखलं. कानापर्यंत लाल झाले. मामा स्टेजवर चढले, वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाले, "माफ करा साहेब. एका मानसाचं जेवन लांबलं."

माईक चालू होता!

* * *

मग आमच्या अध्यक्षांच्या मनात आलं, सारखं शाल आणि नारळ कावून? कार्यकर्त्यांनाच विचारू. मी फॉर्म छापले. त्यात एकच प्रश्न, "आपला सन्मान कसा व्हावा असं आपल्याला वाटतं?"

बारा जणांनी फॉर्म भरून दिले. नावं लिहायची नव्हती. त्यातल्या नऊ जणांनी लिहिलं होतं, "मीटिंगा कमी घ्या."

अध्यक्षांनी ते फार गांभीर्यानं घेतलं. या विषयावर लागोपाठ तीन मीटिंगा घेतल्या.

* * *

उमापूरच्या मीराताई नर्स आहेत, पोरांना प्रथमोपचार शिकवतात. एका वर्षी सत्कार शिबिरातच उरकायचं ठरलं, टेकडीवरच्या देवळाच्या ओट्यावर. ताईंच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या झाल्या, आणि पायऱ्यांकडून किंकाळी आली. सातवीतली एक पोरगी घसरून पडली होती. घोटा बघता बघता सुजला. पाय टेकवेना. आणि खाली गाडीपर्यंत उतरायला अर्धा तास.

ताईंनी दोन काठ्या मागवल्या. खांद्यावरची शाल काढून काठ्यांना गुंडाळली. एक पुरेना, म्हणून पाहुण्यांपुढं हात केला, "तुमची पण द्या."

अध्यक्ष घाबरले. "ताई, सत्काराची शाल हाय ती!"

"मग? सत्कार झालाय की!"

चौघांनी त्या झोळीतून पोरीला अलगद खाली नेलं. ताई सगळी वाट तिचा हात धरून होत्या, तिच्याशी बोलत होत्या. हाडाला चीर निघाली. दीड महिन्यात पोरगी पुन्हा कवायतीला आली.

तेव्हापासून मीराताईंना कुठंही शाल घातली, की त्या आधी दोन्ही हातांनी ताणून बघतात.

* * *

आणि आता कांतामावशी. आमच्या दोन्ही शिबिरांचा स्वयंपाक त्या करतात, ऐंशी पोरांचा. पण दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जातात, आणि आमचा कार्यक्रम जानेवारीत. सहा वर्षं आम्ही त्यांचं नाव पुकारलं, टाळ्या वाजवल्या आणि पुढं गेलो.

सातव्या वर्षी पथकातल्या पोरी हटून बसल्या. "मावशीचा सत्कार मावशीपुढंच करायचा. व्हिडिओ कॉल लावा!"

लावला. मोठ्या पडद्यावर मावशी दिसल्या. डोक्याला फडकं, तोंड पाचटाच्या धुळीनं भरलेलं. मागं ऊस आणि अर्धा भरलेला ट्रक. बीडचे एक डॉक्टर पाहुणे होते, ते हार घेऊन पडद्यापुढं उभे राहिले.

मी माईकवर म्हणालो, "मावशी, तुमचा सत्कार हाय!"

"कुनाचा? थांब बाबा, गाडी भरायलेत. मोळ्या टाकून येते."

फोन त्यांनी तसाच उताणा खाली ठेवला. पडद्यावर नुसतं आभाळ. मधूनच एक बाई डोक्यावर मोळी घेऊन कडेनं जाई. कोयत्यांचा आवाज येत होता, कुणीतरी मुकादमाला हाक मारत होतं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. अध्यक्ष म्हणाले, "पुढचं नाव घेऊ का?" पुढच्या रांगेतल्या पोरी एकदम म्हणाल्या, "न्हाई!" दोनशे माणसं आभाळ बघत बसली. डॉक्टर हार धरून उभेच.

मग पडद्यावर पुन्हा मावशी. धाप लागलेली. "हं, बोल आता. पोरं जेवली का?"

दुपारचे अडीच वाजले होते. पाचवीतली एक पोरगी ओरडली, "न्हाई मावशी, अजून न्हाई!"

"अजून न्हाई? आन तुमी हार घेऊन उभे हायत? आधी पोरान्ला वाढा की! सत्कार कुठं पळून चाललाय!"

फोन कट.

डॉक्टरांनी हार टेबलावर ठेवला, बाह्या वर केल्या आणि मला विचारलं, "वरणाची बादली कुठं हाय?"