नातीची सात मिनिटं

मला पियानोतलं काही कळत नाही. चौथीपर्यंत शिकले, मग मागावर बसले आणि माग बंद पडेपर्यंत लुगडी विणली. पण माझ्या नातीचा मोठा तुकडा मला पाठ आहे. तिने तो सुरू केला की मी पातेल्यात भात टाकते, आणि तो संपला की भात उतरवते. बावीस मिनिटं लागतात. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही.

नऊ वर्षं मी तिला पाचपावलीच्या आमच्या वस्तीतून सदर भागात नेलं आणि आणलं. तिथे एक म्हाताऱ्या ख्रिश्चन बाई शिकवायच्या. मी त्यांच्या व्हरांड्यात लसूण सोलत बसायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, पोरीला शिवण शिकव, हे काय इंग्रजांचं वाजवणं. मी म्हणायची, तुमचं काय जाते?

गेल्या हिवाळ्यात एका मंडळाने दोन नव्या वादकांचा कार्यक्रम ठेवला. एक माझी नात, दुसरा कामठीच्या छावणीतल्या एका सुभेदाराचा मुलगा. दोघंही विशीतली. मुंबईहून एक मोठ्या शिक्षिका ऐकायला येणार होत्या. त्या वर्षाला एकच विद्यार्थी घेतात, घरी ठेवून घेतात आणि पुढे परदेशी पाठवतात. या दोघांपैकी जो पटेल त्याला नेणार, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. त्यांचं विमान दुपारचं होतं, एकच्या आत त्यांना निघायचं होतं. सभागृहही एकपर्यंतच मिळालं होतं, कारण नंतर तिथे वधू-वर परिचय मेळावा होता. मेळाव्याची पातेली सकाळपासून मागच्या दाराशी येऊन पडली होती.

कार्यक्रम दहाचा. चार हमालांनी पियानो जिन्याने वर चढवला तेव्हा नऊ वाजले होते. त्यांना कोणी पाणी विचारलं नाही. मी माझी बाटली दिली. मग मंडळाचा एक माणूस सरस्वतीचा फोटो घेऊन आला आणि त्याने तो थेट पियानोवर ठेवला. फोटोपुढे तेलाचं निरांजन. नात धावली.

"काका, इथं नको, तेल आत जाईल."

"बेटा, देवीचा आशीर्वाद नको का?"

मी म्हटलं, "देवीचा हात टेबलावरूनही पुरते. उचला तो दिवा."

त्याने उचलला, पण तोंड वाकडं करून.

दहा वाजले, साडेदहा वाजले. मुंबईच्या बाई पहिल्या रांगेत मांडीवर वही घेऊन वेळेवर बसल्या होत्या. दोन्ही मुलं पडद्याआड हात चोळत उभी. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता, आणि ते आल्याशिवाय दिवा लागणार नव्हता. माझ्या शेजारी एक बाई प्लास्टिकच्या फायली घेऊन बसली होती. ती मेळाव्यासाठी लवकर आलेली.

"थे पडद्याआडून डोकावनारी पांढऱ्या ड्रेसमधली पोरगी कोनाची वं?"

"माझी नात आहे."

"लग्नाची आहे का? माझा भाचा मिहानच्या कंपनीत नोकरीले आहे."

"ती वाजवाले आली."

"वाजवू द्या ना. भाचा काही मना नाही करनार."

पाहुणे अकरा वाजून पाच मिनिटांनी आले. दाराच्या वर मोठं घड्याळ होतं, मी ते पाहूनच सांगते. दिवा झाला, हार झाले, स्वागत झालं, पाहुण्यांची ओळख झाली. मग पाहुण्यांनी संगीताचं महत्त्व सांगितलं. त्यांनी आयुष्यात पियानो पाहिला असेल तर तो त्याच दिवशी. मुलगा वाजवायला बसला तेव्हा बाराला दहा कमी होते. त्याने छान वाजवलं, खोटं कशाला बोलू. सव्वाबाराला तो उठला तेव्हा मी हिशेब केला. तीन-चार मिनिटांत नात बसली तर सगळं वाजवून वर वेळ उरेल.

पण नात बसली नाही. सत्कार सुरू झाले. हॉल मिळवून देणाऱ्याचा, पत्रिका छापणाऱ्याचा, पाहुण्यांच्या बायकोचा. पियानो चढवणारे चौघे दाराशी उभे होते, त्यांचा नाही. माझं डोकं तापत होतं. शेवटी अध्यक्ष माइकवर म्हणाले, "आता आपण या गुणी मुलीच्या आजींचा सत्कार करू या. मागावर धागे विणणाऱ्या हातांनी आज सूर विणले आहेत."

मी कधी सूर विणले? साडेबारा होऊन गेले होते. पडद्याआडून नात मान हलवत होती. येऊ नको, असं ती सांगत होती, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी उठले. गुडघे धरून पायऱ्या चढले. त्यांनी अंगावर शाल टाकली. मी बोटांत धरून पाहिली. यंत्रमागाची, नायलॉन मिसळलेली, आणि अध्यक्ष तिला रेशमी म्हणत होते. मग त्यांनी माइक दिला. "आजी, दोन शब्द."

मी दोन शब्दांवर थांबले नाही. म्हटलं, "दहाले बोलावलं आणि साडेबारा झाले तरी पोट्टी उभीच आहे. तुमाले लाज नाही का? पाहुण्याले कोनी आयकाले आलं का इथं?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदाच इतक्या लोकांनी माझ्यासाठी वाजवल्या, मग मला थांबता आलं नाही. मी हमालांचं बोलले, निरांजनाचं बोलले, शालीचा धागा दाखवला. माग कसा बंद पडला तेही बोलले, त्याचा तिथे काय संबंध होता? लोक हसत होते. मागून कोणी शिट्टीही मारली. मी खाली उतरले तेव्हा घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. जिना, शाल, भाषण, सगळं मिळून सात मिनिटं.

नात बसली. तिने तुकडा कापला नाही, घाईही केली नाही. मधला हळू भाग तिने नेहमीइतकाच हळू वाजवला. मला वाटत होतं उठून तिला ढकलावं. एकला तीन मिनिटं कमी असताना मुंबईच्या बाईंनी वही मिटली, वाकून रांगेतून बाहेर निघाल्या आणि गेल्या. शेवटचा भाग राहिला होता, जिथे तिचे दोन्ही हात एकावर एक चढतात. तोच तिचा खरा भाग. तो तिने फायलीवाल्या बाईसाठी आणि पातेलीवाल्यांसाठी वाजवला.

घरी चप्पल काढताना नात म्हणाली, "आजी, तू कायले बोलली वं?"

"ते बोलून राहिले होते म्हणून."

"त्यायचं झालं होतं. तू नसती बोलली तर पुरलं असतं."

मी भांडले. म्हटलं, त्यांनी दोन तास खाल्ले ते दिसत नाही, माझी सात मिनिटं दिसतात? ती म्हणाली, "दिसतात." आणि आत गेली.

महिन्याने मुंबईच्या बाईंचा निरोप आला. त्यांनी सुभेदाराच्या मुलाला घेतलं. नातीबद्दल लिहिलं होतं की तिचं पूर्ण ऐकता आलं नाही, पुढच्या वर्षी पाहू.

परवा त्याच अध्यक्षांचा फोन आला. नात आतल्या खोलीत वाजवत होती, गॅसवर भात होता.

"आजी, तुमचं भाषण फार गाजलं. महिलांच्या कार्यक्रमाला तुम्हीच प्रमुख पाहुण्या."

मी म्हटलं, "मले काहून बोलवता? तिले बोलवा."

"तिचंही ठेवू ना. शेवटी, आभाराच्या आधी."

"पहिले ठेवा. मी यायच्या आधी. दिव्याच्या आधी."

ते हसले. "आजी, पाहुणे आल्याशिवाय कार्यक्रम कसा सुरू करणार?"

मी फोन ठेवला. आतला तुकडा कधीच संपला होता. भात खाली लागला होता.