दारावर अडवलेली विळी

पुण्यात मी एका वर्तमानपत्रात गुन्हेवृत्तं लिहीत होते. बढतीच्या आशेने एका खासगी संस्थेतून गुन्हेगारीशास्त्राचं प्रमाणपत्र घेतलं, तेही बँकेचं कर्ज काढून. सहकर्जदार बाबा. प्रमाणपत्रानंतर पगार होता तिथेच राहिला, हप्ता मात्र सुरू झाला. मग लग्न झालं, नवऱ्याच्या पीएचडीसाठी आम्ही जर्मनीत आखनला आलो. माझा पगार थांबला आणि हप्ता बाबांच्या पेन्शनमधून जाऊ लागला.

इथे त्या प्रमाणपत्राला कुणी विचारलं नाही. जर्मन शिकून सुरक्षारक्षकाची परीक्षा दिली. बायकांच्या तपासणीला बाईच लागते आणि या कामात बायका कमी, म्हणून नोकरी पटकन मिळाली. पण आधी सहा महिन्यांची प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ. तेवढ्या काळात कधीही काढून टाकता येतं. कायम झाले की हप्ता मी भरेन, असं बाबांना सांगितलं. "घाई नाही," ते म्हणाले. त्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललंय, हे बहिणीकडून कळलं होतं. फोन वाजला की आधी तेच आठवायचं.

प्रोबेत्साइटच्या शेवटी शेवटी ड्युटी लागली ती मराठी मंडळाच्या गणपतीला. दाराशी रक्षक ठेवणं ही हॉलवाल्यांची अट होती. मी गणवेशात, शेजारी जर्मन सुपरवायझर. ओळखीच्या बायका पिशव्या न उघडताच आत शिरू लागल्या.

"अय्या, तू! पोलीसबाई!"

"मला काय तपासतेस? परवा तुझ्याच घरी जेवले ना मी?"

मी एकेकीला परत बोलावत होते. सुपरवायझर बघत होता.

मग सासूबाई आल्या. त्या पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि मंडळाने प्रसादाचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं. त्या न थांबता पुढे निघाल्या.

"अहो आई, पिशवी."

"घरचीच आहे."

"उघडावी लागेल."

मागची रांग थांबली. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. टॉवेलात गुंडाळलेली घडीची विळी निघाली, टोकाला खवणी.

सुपरवायझर पुढे झाला. "हे काय?"

"नारळ खवायचं साधन," मी जर्मनमध्ये सांगितलं. "पातं आहे. आत जाणार नाही."

"गेनाऊ," बरोबर, असं तो म्हणाला.

"काय म्हणतोय तो?" सासूबाईंनी विचारलं.

"विळी इथे ठेवावी लागेल. निघताना मिळेल."

"आणि खोबरं काय दातांनी खवू?"

रांगेत हशा पिकला. त्या हसल्या नाहीत. "तुझ्याच ओट्यावरची आहे ती," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या वर्षी प्रसादाला नुसती साखर होती. परतताना बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या नाहीत. विळी माझ्या मांडीवर होती.

पुढच्या आठवड्यात मी कायम झाले. बाबांना फोन लावला तेव्हा खिडकी ते दार अशा माझ्या येरझाऱ्या चालू होत्या.

"या महिन्यापासून हप्ता माझ्याकडे. तुम्ही डोळ्याची तारीख घ्या."

"कायम म्हणजे पक्कं?"

"पक्कं."

"वर्तमानपत्रातलं काम नाही ना हे?"

"नाही. दारावरचंच."

मग त्यांनी विचारलं, "बसायला खुर्ची देतात का गं?"