रेषेत जो येईल त्याला

अधिक महिन्यात लेक आणि जावई धोंड्याला मांडवगणला आले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जावई पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतात. मी वायरमन, उभा जन्म खांबावर चढून नुकताच रिटायर झालेलो. आम्ही दोघं समोरासमोर बसलो की "ऊन लई हाय", "हो ना, मामा" एवढ्यावर बोलणं संपायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पुरणाचं जेवण अंगावर आलेलं असताना, जावयांनी बॅगेतून एक वही आणि थैलीभर फासे काढले. त्यात एक फासा वीस बाजूंचा होता, सुपारीएवढा.

"मामा, आमचा एक खेळ आहे. पट नाही, सोंगट्या नाहीत. मी गोष्ट सांगणार आणि तुम्ही त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. जमलं की नाही, ते फासा सांगणार."

"जिंकतं कोण?"

"कुणीच नाही."

माझं डोकं इथंच गरगरलं. बायको मात्र पदर खोचून बसली आणि म्हणाली, मी चोर होणार. लेक तलवारवाली झाली. मला त्यांनी मांत्रिक केलं. "तुम्ही वीजवाले, म्हणून तुम्हाला वीजप्रहाराचा मंत्र," असं म्हणून जावयांनी वहीतला नियम वाचला. मांत्रिकाच्या बोटापासून साठ फूट सरळ रेषेत वीज जाते. रेषेत जो येईल त्याला लागते. मांत्रिकानं सहा फासे टाकायचे, बेरीज होईल तेवढी इजा. ज्याला लागली त्यानं वीसचा फासा टाकायचा. चौदा किंवा वर पडलं तर निम्मी इजा, नाहीतर पुरी.

मी दोनदा वाचायला लावलं.

"सरळ रेषेत कशी जाईल? वीज सोपी वाट बघून जाती. अर्थिंग कुठं हाय ह्यात?"

"जादूची वीज आहे, मामा."

"किती व्होल्टची?"

जावयांनी लेकीकडं पाहिलं. "म्हणजे... जास्तीत जास्त छत्तीस."

"छत्तीस काय?"

"अहो," बायको म्हणाली, "तुमच्या अंगात चाळीस जीव हायेत. छत्तीस गेले, चार ऱ्हायले. एवढं सोपं हाय की."

तिला कळलं होतं.

खेळ सुरू झाला. एक गुहा होती, गुडघाभर पाणी होतं आणि पाण्यातून निघालेल्या राक्षसानं लेकीला, म्हणजे तलवारवालीला, धरलं. जावयांनी कागदावर तिघांच्या जागा फुल्यांनी दाखवल्या. मी एका टोकाला, राक्षस दुसऱ्या टोकाला, मधे लेक.

"टाका की तुमची वीज!" बायको ओरडली.

"हिला लागंल ना. पाण्यात उभी हाय ती."

"पाण्याचा वेगळा नियम नाही," जावई म्हणाले. "ती फासा टाकेल. कदाचित निम्मीच लागेल."

"आन् राक्षसाला?"

"तोही फासा टाकेल."

"दोघं एकाच पाण्यात, वीज एकच. मग एकाला निम्मी आन् एकाला पुरी, ती कशामुळं?"

"फाशामुळं."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. सहा फासे माझ्या मुठीत होते आणि मूठ उघडत नव्हती. "मी न्हाई खेळत," म्हणून मी उठलो आणि ओट्यावर जाऊन बसलो. आत सगळ्यांना वाटलं, मी चिडलो. मला स्वतःलाच कळत नव्हतं मला काय झालंय.

थोड्या वेळानं जावई पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि शेजारी बसले. मग मी त्यांना जे सांगितलं ते लेकीलाही कधी सांगितलेलं नव्हतं. मी आणि माझा कामावरचा जोडीदार एकाच खांबावर होतो. लाईन बंद करून घेतलेली. कुणाच्या तरी जनरेटरचा उलटा करंट त्या बंद लाईनीत आला, असं नंतर समजलं. तार दोघांनी धरलेली, हातमोजे दोघांचे सारखे. मी खालच्या उसात फेकला गेलो, तळहाताला एक डाग पडला, बाकी काही नाही. त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

"आन् 'धर' असं मीच त्याला म्हणलो होतो," मी म्हणालो.

"ते आता कुठं असतात?"

"राहूला, नदीपल्याडच्या गावात. फुलशेती करतोय."

"भेटता का?"

मी मान हलवली. सात-आठ वर्षांत गेलो नव्हतो.

"उद्या सकाळी जाऊ या, मामा. मी गाडी चालवतो."

सकाळी पूल ओलांडून आम्ही राहूला गेलो. जोडीदार झेंडूच्या वाफ्यात एका हातानं तोडणी करत होता. पाटी कमरेला बांधलेली. मला बघून म्हणाला, "आलास व्हय?" जणू गेल्या आठवड्यातच भेटलो होतो. चहा झाला. मी जावयांची ओळख करून दिली. मग मला राहवेना.

"त्या दिवशी तार दोघांनी धरली होती. मग तुलाच का एवढं..."

"दोघांनी?" तो म्हणाला. "तू धरलीच नव्हती. तू खांबाच्या पलीकडनं दोर सोडत होतास."

"मी 'धर' म्हणलो तुला."

"तू काय बी बोलला न्हाईस. मीच म्हणलो, थांब, आधी मी बघतो."

"मग हा डाग?" मी तळहात पुढं केला.

त्यानं डाव्या हातानं माझा हात धरून उन्हात फिरवला. "दोर घासलाय हा. पडताना दोराला लटकलास तू."

मी चिडलो. खरंच चिडलो. इतकी वर्षं उराशी धरून ठेवलेली गोष्ट हा माणूस एका घोटात खोटी पाडत होता. त्याची बायको दारातून म्हणाली, "दवाखान्यात बी तुम्ही दोघं येगयेगळंच सांगत व्हता. डॉक्टर कट्टाळला."

"पण एवढी वर्सं तू आला का न्हाईस?" त्यानं विचारलं.

"तोंड कुठलं दाखवू, कळंना."

"माझा हात तू न्हेलास व्हय?" तो हसला आणि पाटी उचलून पुन्हा वाफ्यात शिरला. मीही मागं गेलो. जावयांनी चपला काढल्या आणि तेही आमच्या ओळीत वाकले. दुपारपर्यंत तोडणी केली.

येताना पुलाच्या अलीकडं जावयांनी गाडी हळू केली. "मामा, मग खरं काय?"

"मला तार आठवतीय," मी म्हणालो. "हातात गार लागलेली." थोडं पुढं गेल्यावर वाटलं, दोरसुद्धा गारच असतो सकाळचा. तेही त्यांना सांगितलं.

आता मी दर पंधरा दिवसांनी राहूला जातो. त्या दिवशी तार कुणी धरली होती, ते आमचं अजून ठरलेलं नाही.