उताऱ्याशी वाद

करोल बागेतले आमचे शेजारी, निवृत्त सरकारी अधिकारी, मुलीकडे कॅनडात कायमचे राहायला जाण्यासाठी इंग्रजीची परीक्षा देणार होते. सराव मी घेत असे. माझ्या निदानानुसार त्यांचा शब्दसंग्रह उत्तम होता. आकलनात मात्र ते नापास होत, कारण ते उताऱ्याशी वाद घालत.

‘सकाळची हवा शुद्ध असते’ या विधानापुढे त्यांनी ‘चूक’ अशी खूण केली.

“काका, उताऱ्यात तसंच लिहिलंय.”

“अगं, दिल्लीतल्या डिसेंबरात यावर सही करू? बिल्कुल नाही.”

“परीक्षेपुरतं गृहीत धरा.”

“नोकरीभर तेच केलं.”

शेवटच्या उताऱ्यात लिहिले होते की वृद्ध माणसे परदेशात सहज रुळतात. मी वादाच्या तयारीने बसले. काकांनी तो पुन्हा वाचला, निमूटपणे ‘बरोबर’वर खूण केली आणि विचारले, “आता पास ना?”