नखाएवढी वस्तू आणि अख्खा माळ

ट्रेसिंग पेपरवरची रेघ चुकली, तर ब्लेडनं खरवडता येते. ऑफिसात ऐकलेलं मात्र खरवडून निघत नाही, साचतच जातं. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी जुनं कुणी भेटलं की चहा येईपर्यंत आमचे तीन किस्से सांगून झालेले असतात!

ऐंशीच्या दशकात कोल्हापूरजवळच्या एका माळावर सरकारनं इलेक्ट्रॉनिक्सची वसाहत काढायचं ठरवलं. प्लॅनिंगचं ऑफिस राजारामपुरीत. मी तिथं ट्रेसर होते. प्रमुख होते मुंबईहून आलेले प्रधानसाहेब, आणि मोजणी सगळी मुल्लाणी ओव्हरसियरांकडं.

*

पहिल्या दिवशी माळावर गाव जमलं. साहेबांनी खिशातून एक पार्ट काढून तळहातावर ठेवला. "असल्या वस्तू इथं बनणार. बघा, नखाएवढी आहे!"

सगळ्यांनी वाकून बघितलं. मागून एक आण्णा म्हणाले, "पावणं, एवढीशी वस्तू करायला अख्खा माळ कशाला लागतोय?"

साहेबांनी वस्तू परत खिशात ठेवली. "पुढच्या मीटिंगला सांगतो," म्हणाले.

*

आमच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना. एकदा एक पेशंट चुकून वर आला. साहेबांना वाटलं, जमिनीचं काम असणार. नकाशा पसरून त्यांनी विचारलं, "तुमची कुठली जाणार आहे?"

"खालची. उजवीकडची."

"वडिलोपार्जित का?"

"न्हाई वो, माझी सोताचीच की!"

साहेब समजुतीनं म्हणाले, "काळजी करू नका. बदल्यात दुसरी मिळेल."

पेशंटनं गाल धरला. "व्हय, पर ती घट्ट बसंल न्हवं?"

*

मग मुंबईहून एक तज्ज्ञ आला. म्हणाला, "या कारखान्यांना धूळ अजिबात चालत नाही." आम्ही त्याला जीपमधून माळावर नेलं. उतरून त्यानं रुमालानं चष्मा पुसला आणि वहीत लिहिलं, "धुळीचं प्रमाण जास्त."

शेरडं राखणारी एक म्हातारी खोकत उभी होती. म्हणाली, "जीप परत गेल्याव बघा की. मग न्हाई धूळ!"

*

त्याच तज्ज्ञाला दुसरी शंका होती. एवढं बारीक काम करणारे हात इथं मिळतील का? मुल्लाणींनी वाद घातला नाही. त्याला एसटीनं चांदीकामाच्या हुपरीला नेलं. एका घरात एक मावशी पैंजणाला घुंगरू जोडत बसल्या होत्या. तज्ज्ञानं त्यांना आपल्याजवळचं नमुन्याचं सर्किट दाखवलं.

मावशींनी ते डोळ्याजवळ धरलं. "पावणं, ह्यो जोड कच्चा हाय."

"शक्यच नाही! लॅबमधून तपासून आणलंय!"

मावशींनी नखानं हळूच टोचलं. तार सुटून हातात आली.

तज्ज्ञाचा चेहरा पाहून मावशींनाच वाईट वाटलं. "ठिवून जावा. सांच्यापत्तर दिऊ जोडून."

*

शेवटी गावच्या शाळेत हरकतींची सुनावणी झाली. सगळ्यांचे अर्ज घेऊन झाले. तेवढ्यात मुल्लाणी टेबलावरून उठले, चपला काढल्या आणि गावकऱ्यांत सतरंजीवर जाऊन बसले. खिशातून कागद काढून म्हणाले, "मुल्लाणी. चार एकर. हरकत हाय."

ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं! जमीन त्यांनीच मोजली होती, हद्दीचे दगडही त्यांनीच रोवले होते. त्यातल्या विहिरीवर प्लॅनमध्ये फुली मारली होती मी.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आधी बोलला असता तर मोजणीला दुसरा माणूस पाठवला असता."

"दुसऱ्यानं मोजली असती, तर गाव म्हणालं असतं मी वाचवली."

"मग आता हरकत कशाला?"

"वडलांची हाय, साहेब. न बोलता कशी दिऊ?"

एवढं बोलून ते उठले, चपला घातल्या, टेबलाशी आले आणि स्वतःच्याच अर्जावर 'मिळाला'चा शिक्का मारला.

प्रत्येक हरकतीवर ओव्हरसियरचा पाहणी अहवाल लागायचा. साहेब म्हणाले, "हा दुसरा कुणी लिहील." मुल्लाणींनी ऐकलं नाही.

जमीन वसाहतीत गेली. पुढं फाईल माझ्याकडं आली, तेव्हा तो अहवाल मी वाचला. मुल्लाणींचं नेहमीचं वळणदार अक्षर:

"समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. जमीन उत्तम. विहिरीला बारमाही पाणी. खातेदार घरी भेटला नाही. ड्युटीवर होता."