सकाळची बॅच

आमच्या असोद्यात मुलींनी कॉलेजात कोणते विषय घ्यायचे, हे एस.टी. ठरवायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गावातल्या चार मुली जळगावच्या कॉलेजात जाऊ लागल्या. त्यांतली एक माझी मोठी बहीण, अक्का. चौघींच्या घरच्यांनी मिळून एकच अट घातली होती. आमच्या वडिलांच्या, आबांच्या, शब्दांत सांगायचं तर, "चौघी संगं जा अन् चौघी संगं या. एकटीनं स्टँडवर थांबाचं नाही." आता चौघींनी सोबत परतायचं तर तास एकाच वेळी सुटायला हवेत, आणि त्यासाठी विषयही तेच हवेत. कुणाला काय आवडतं हे आमच्याकडे भाजी करतानाही कुणी विचारत नसे, तर विषयांचं काय घेऊन बसलात!

अक्काला भूगोल आवडायचा. आवडायचा कसला, वेडच होतं. पहिल्या वर्षी भूगोलाचा तास सकाळी होता, म्हणून चौघींनी तो घेतला. तिघी पेंगायच्या आणि ही एकटी ऐकायची. नकाशावर डोंगराची उंची दाखवणाऱ्या रेषा कशा काढतात, हे तिनं मला चुलीपुढे बसून समजावलं होतं. भाकरीच्या पिठाच्या गोळ्याचा डोंगर केला आणि त्याला खालून वर, थोड्या थोड्या उंचीवर, दोरा गुंडाळत गेली. "आता वरून पाह्य," म्हणाली. मी वाकून पाहिलं, तर एकात एक वेडीवाकडी कडी. "हा सातपुडा!" आईनं गोळा हिसकावला, दोरा ओढून काढला आणि त्या सातपुड्याच्या भाकरी थापल्या. आम्ही त्या हसत हसत खाल्ल्या.

दुसऱ्या वर्षी मुख्य विषय निवडायचा होता. त्याला सगळे 'स्पेशल' म्हणत. भूगोल स्पेशल घेतला की प्रॅक्टिकल आलं, आणि ते म्हणे दुपारी असायचं, उन्हं कलेपर्यंत चालायचं. बाकी तिघींनी मराठी घेतलं होतं. अक्का कुणाशी भांडली नाही. त्या रात्री जेवली नाही, एवढंच. मग तिनंही मराठी घेतलं. तिच्या त्या गप्प राहण्याचा मला अजूनही संताप येतो, आणि संतापाच्या मागोमाग रडू येतं.

परीक्षा झाल्या आणि त्याच उन्हाळ्यात बाकी तिघींची लग्नं उरकली. एक बोदवडला गेली, एक भुसावळला, एक थेट सुरतेला. कॉलेज उघडायच्या वेळी अक्का एकटी उरली.

"आता कोनासंगं जाशीन?" आबांनी विचारलं. ते चिडले नव्हते. त्यांना खरोखरच काही सुचत नव्हतं. ज्या तिघींसाठी तिनं भूगोल सोडला, त्याच आता सोबतीला नव्हत्या. शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. अक्काला यावलला दिली, केळीवाल्यांच्या घरात.

माझं नशीब असं, की मामा धुळ्याला नोकरीला होते आणि त्यांच्या घराजवळच कॉलेज होतं. मी तिथं राहून शिकले. पुढे नव्वदनंतर अक्काच्याच कॉलेजात शिकवायला लागले. काय शिकवायला? मराठी! तिच्या गळ्यात पडलेल्या विषयानं माझं पोट भरलं.

मग विद्यापीठांचा नवा कायदा आला. त्याच्या पाठोपाठ परिपत्रकं आली, नियम आले, आणि आमच्या प्राचार्यांनी त्यातलं एक मनावर घेतलं. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाला पदवीपर्यंतची वाट समजावून सांगायची. आज हा विषय घेतला तर तिसऱ्या वर्षी काय, प्रॅक्टिकल कधी, बाहेरगावच्यांची सोय काय. वरातीमागून घोडं, असं मी मनात म्हटलं. त्या टेबलावर बसायचं काम माझ्याकडे आलं.

तयारीसाठी मी भूगोलाच्या सरांकडे गेले. ते निवृत्तीला टेकले होते.

"बाहेरगावच्या मुलींना आवर्जून सांगा," ते म्हणाले, "प्रॅक्टिकलची सकाळची बॅच आहे."

"कधीपासून?"

"विभाग सुरू झाला तेव्हापासून. त्यांच्यासाठीच तर ठेवली होती. पण कुणी विचारायलाच आलं नाही हो."

सर भले गृहस्थ होते, त्यांना काय बोलणार? मी स्टाफरूममध्ये येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. एवढंसं वाक्य होतं ते. ते सांगायला कायदा यावा लागला.

प्रवेश सुरू झाले आणि अक्का यावलहून आली, मोठ्या दिरांच्या मुलीला घेऊन. हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, खांद्याला पिशवी. पुतणीला भूगोल घ्यायचा होता. ते वेड कुणी लावलं, हे मला विचारावं लागलं नाही.

मी पोरीला तिन्ही वर्षांची वाट सांगत गेले. दुसऱ्या वर्षापाशी जीभ अडखळली. पण तिला सांगणं भाग होतं. "प्रॅक्टिकलची काळजी करू नकोस. बाहेरगावच्या मुलींना सकाळची बॅच आहे."

अक्काचा हात पिशवीच्या बंदावर थांबला. "हे बॅच पह्यलेपासून हाये का व?"

मी तिच्याकडे पाहिलं. "नाही अक्का. यंदापासून. नवा कायदा आला ना."

तिनं मोठा श्वास सोडला. "मंग बरं. मले इतके वर्स वाटे, आपून एकडाव जाऊन इचाराले पाह्यजे होतं. नव्हतीच, तं काय इचारनार!"

मी मान खाली घातली आणि पोरीचं नाव सकाळच्या बॅचमध्ये लिहिलं. डोळे भरून आल्यानं अक्षर नीट दिसत नव्हतं. समोर अक्का मोकळी हसून पुतणीला सांगत होती, "घरी गेलो का तुले पिठाचा सातपुडा करून दाखोते."